भयपट संपल्यावर काय विचारावे: पर्यावरणीय ‘फाउंड फुटेज’ चित्रपटावरील प्रतिक्रिया टिपण्याची पद्धत

लातूर, नांदेड, परभणी किंवा छत्रपती संभाजीनगर येथे चित्रपट मंडळ चालवणाऱ्यांना आणि महाविद्यालयात रसग्रहणाचे उपक्रम घेणाऱ्या प्राध्यापकांना भयपटानंतरची चर्चा कशी विरून जाते, हे नव्याने सांगण्याची गरज नाही. दिवे लागतात, कोणीतरी ‘कसा वाटला?’ असे विचारते, दोन-तीन तरुण ‘भारी होता’ म्हणतात, एखादे ज्येष्ठ सदस्य ‘असले चित्रपट दाखवता तरी कशाला’ अशी नाराजी नोंदवतात आणि सभागृह रिकामे होते. चित्रपट पर्यावरणीय आपत्तीवरचा असेल आणि तोही ‘फाउंड फुटेज’ पद्धतीचा, म्हणजे कोठेतरी सापडलेले खरे चित्रण असल्याची बतावणी करणारा असेल, तर यात मोठे नुकसान होते, कारण अशा चित्रपटात प्रेक्षकाच्या बाबतीत तीन गोष्टी एकाच वेळी घडत असतात. हलत्या कॅमेऱ्याने आणि किळसवाण्या दृश्यांनी त्याचे शरीर ढवळून निघते. पडद्यावरचे खरे की बनावट, या प्रश्नावर त्याचे मन हेलकावे खाते. आणि मध्येच कुठेतरी त्याला स्वतःच्या गावाचे पाणी आठवते. या तीन गोष्टी एकमेकींत न मिसळता कशा टिपाव्यात, एवढाच या लेखाचा विषय आहे.

उदाहरणासाठी मी बॅरी लेव्हिन्सन यांचा २०१२ सालचा ‘द बे’ हा अमेरिकी चित्रपट घेतला आहे. तो सुमारे ८५ मिनिटांचा, म्हणजे आटोपशीर आहे, आणि त्याचा विषय मराठवाड्यातील माणसाला समजावून सांगावा लागत नाही. मेरीलँड राज्यातील क्लॅरिज या काल्पनिक गावात २००९ सालच्या ४ जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या जत्रेत, खाडीच्या पाण्यातून आलेल्या परजीवींमुळे माणसे पटापट मरू लागतात. सरकारने दडपून ठेवलेले त्या दिवसाचे चित्रण काही वर्षांनी एका तरुण वार्ताहर मुलीच्या निवेदनासह बाहेर येते, अशी त्याची बतावणी आहे. पोलिसांच्या गाडीवरचा कॅमेरा, रुग्णालयातील डॉक्टरचे व्हिडिओ संभाषण, मोबाइलवरचे चित्रण, दोन सागरशास्त्रज्ञांच्या नोंदी, अशा तुकड्यांतून गोष्ट उलगडते. दोष कोणाचा, तर कोंबड्यांच्या मोठ्या फार्ममधून खाडीत जाणाऱ्या विष्ठेचा आणि त्याकडे कानाडोळा करणाऱ्या महापौराचा.

चित्रपट ठरला की प्रदर्शनाच्या निदान आठवडाभर आधी आयोजकांनी खऱ्या-खोट्याचा एक कागद तयार करावा. हे काम कंटाळवाणे वाटते म्हणून बहुतेक जण टाळतात, पण पुढची सगळी चर्चा या कागदावर उभी राहते. ‘द बे’पुरता तो कागद साधारण असा होईल. ज्या खाडीच्या काठी ही गोष्ट घडते तो चेसापीक उपसागर खरा आहे. तो अमेरिकेतील सर्वांत मोठा खाडीमुख प्रदेश असून त्याची लांबी सुमारे ३२० किलोमीटर आहे. शेतीतून आणि कुक्कुटपालनातून येणारे नत्र व स्फुरद त्यात मिसळल्याने शेवाळ माजते, ते कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो आणि उन्हाळ्यात उपसागरात मासे जगू न शकणारे पट्टे तयार होतात, हेही खरे आहे. लेव्हिन्सन यांना याच उपसागरावर माहितीपट करण्याविषयी विचारण्यात आले होते. त्या विषयावर अमेरिकी सार्वजनिक वाहिनीचा चांगला माहितीपट आधीच झालेला पाहून ते काल्पनिक भयपटाकडे वळले. माशाच्या जिभेला चिकटून तिचे रक्त शोषणारा, जीभ झडल्यावर तिच्या जागी स्वतः राहणारा सायमोथोआ एक्सिग्वा हा जीवही खरा आहे. तो माशाच्या कल्ल्यांतून आत शिरतो. मात्र तो उष्ण समुद्रातील माशांचा परजीवी आहे, तो माणसाच्या शरीरात शिरत नाही आणि चित्रपटात दाखवल्याप्रमाणे झपाट्याने वाढतही नाही. कोंबड्यांना दिलेल्या संप्रेरकांमुळे परजीवी वाढले, हा चित्रपटाचा दुवा तर मुळातच सैल आहे, कारण अमेरिकेत कोंबड्यांना वाढीची संप्रेरके देण्यास अनेक दशकांपासून बंदी आहे.

याच कागदावर १९९७ सालची पोकोमोक नदीची हकिगत जरूर घ्यावी. चेसापीकला मिळणाऱ्या या नदीत त्या वर्षी अंगावर जखमा असलेले मासे मोठ्या संख्येने आढळले, नदीशी संबंध आलेल्या काही लोकांनी विस्मरणाच्या तक्रारी केल्या, आणि राज्य सरकारने नदीचा काही भाग लोकांसाठी बंद केला. दोष फिस्टेरिया नावाच्या सूक्ष्मजीवावर आणि त्यामागे कुक्कुटपालनाच्या खतावर आला. त्या सूक्ष्मजीवाचा वाटा नेमका किती, यावर शास्त्रज्ञांत पुढे बराच वाद झाला, परंतु १९९८ मध्ये मेरीलँडने शेतातील खतांच्या वापरावर नियंत्रण आणणारा कायदा केला. एखादा प्रेक्षक ‘हे सगळे थोतांड आहे’ म्हणाला आणि दुसरा ‘हे सगळे खरे आहे’ म्हणाला, तर दोघांनाही थांबवायला ही एक हकिगत पुरते. हा कागद प्रदर्शनापूर्वी वाटू नये. तो चर्चेच्या शेवटी वाटायचा आहे.

परवानगीविषयी थोडक्यात. घरातील डीव्हीडी किंवा ओटीटीचे वैयक्तिक खाते सार्वजनिक प्रदर्शनासाठी चालत नाही; हक्कधारकाकडून किंवा वितरकाकडून प्रदर्शनाची लेखी परवानगी घ्यावी, प्रमाणनाची स्थिती तपासावी, आणि चित्रपट प्रौढांसाठीचा आहे हे निमंत्रणावरच छापावे. मुलांना घेऊन येणाऱ्या पालकांना दारातून परत पाठवणे अवघड जाते, म्हणून हे आधी छापलेले बरे.

प्रेक्षागृहाची तयारी

फाउंड फुटेज चित्रपटात कॅमेरा सतत हलतो आणि काही प्रेक्षकांना खरोखर मळमळते किंवा गरगरते. अमेरिकेत अशा चित्रपटांच्या वेळी काही चित्रपटगृहांनी दारावर तशी सूचना लावल्याची उदाहरणे आहेत. आपल्याकडे बहुतेक प्रदर्शने महाविद्यालयाच्या किंवा ग्रंथालयाच्या सभागृहात होतात, जेथे पडदा लहान, पहिली रांग पडद्याच्या अगदी पुढ्यात आणि छतावरचे पंखे आवाज करणारे असतात. पहिल्या दोन रांगा मोकळ्या ठेवाव्यात, दाराजवळच्या खुर्च्या ज्यांना त्रास होतो त्यांच्यासाठी राखाव्यात, आणि हे सर्व संकोच न करता आरंभीच जाहीर करावे. असे न केल्यास चित्रपट नावडल्याने बाहेर पडलेला आणि पोट ढवळल्याने बाहेर पडलेला, हे दोन प्रेक्षक नोंदीत एकच दिसतात, आणि मग त्या नोंदीला काही अर्थ उरत नाही.

मध्यंतर ठेवू नये. आपल्या प्रेक्षकाला मध्यंतराची सवय आहे हे मान्य, तरीही ८५ मिनिटे बसणे फार नाही, आणि मध्यंतरात चहाच्या कपाबरोबर मोबाइल बाहेर निघतो, कोणीतरी चित्रपटाचे नाव शोधते, कलाकारांची छायाचित्रे दिसतात आणि विश्वास-अविश्वासाचा जो ताण टिपायचा असतो तो तेथेच संपतो. वीज जाण्याची शक्यता गृहीत धरून इन्व्हर्टर किंवा जनरेटरची सोय मात्र करावी, कारण नको असलेले मध्यंतर बहुधा महावितरणच देते.

आवाजाकडे चित्राइतकेच लक्ष द्यावे. ‘द बे’मध्ये एक प्रसंग असा आहे की पोलीस एका घरात शिरतात आणि कॅमेरा बाहेर गाडीतच राहतो, आपल्याला समोर घर दिसते आणि आत काय चालले आहे ते केवळ ऐकू येते. काही किळसवाणे त्या वेळी पडद्यावर दिसत नाही. पंख्यांच्या घरघरीत हा प्रसंग वाया गेला, तर ‘त्या ठिकाणी लोक चुळबुळ करू लागले’ अशी नोंद होईल आणि पुढे कोणीतरी त्यावरून ‘मराठवाड्यातील प्रेक्षकाला सूचक भय कळत नाही’ असा निष्कर्ष काढील. तसे काही नसते. त्यांना ऐकूच आलेले नसते. त्यामुळे या प्रसंगापुरते पंखे बंद करण्याची सोय एखाद्या कार्यकर्त्याकडे द्यावी. एप्रिल-मे महिन्यांत हे प्रदर्शन ठेवूच नये, हे ओघाने आलेच.

संवाद इंग्रजी आहेत आणि निरनिराळ्या दर्जाच्या ध्वनिमुद्रणामुळे ते अस्पष्टही वाटतात. मराठी उपशीर्षके नसतील तर कथा न फोडता पात्रांची आणि ठिकाणांची ओळख देणारे एक पान मराठीत द्यावे. डॉक्टर कोणाशी बोलत आहे, ही दोघे बोटीतून कोठे निघाली आहेत, एवढे जरी कळले तरी प्रेक्षकाची निम्मी शक्ती वाचते.

आरंभी किती सांगावे

या प्रकारच्या चित्रपटांचा इतिहास पाहिला तर प्रेक्षकाला संभ्रमात ठेवणे हाच त्यांच्या जाहिरातीचा पाया राहिला आहे. १९९९ सालच्या ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’च्या निर्मात्यांनी पात्रे खरोखर बेपत्ता असल्याची पत्रके वाटली होती आणि संकेतस्थळावर तशीच माहिती ठेवली होती, अनेक प्रेक्षक ते खरे मानूनच चित्रपटगृहात गेले. २००९ मध्ये मोठ्या प्रमाणावर प्रदर्शित झालेल्या ‘पॅरानॉर्मल अॅक्टिव्हिटी’च्या जाहिरातीत तर चित्रपटापेक्षा अंधारात दचकणारे, किंचाळणारे प्रेक्षकच अधिक दाखवले गेले. त्या चित्रपटाचे दिग्दर्शक ओरेन पेली हे ‘द बे’च्या निर्मात्यांपैकी एक आहेत, त्यामुळे हा वारसा अगदी जवळचा आहे.

तरीही आपल्या भागात हा खेळ करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘आपण पाहणार आहोत तो काल्पनिक चित्रपट आहे, त्यातील काही पार्श्वभूमी खरी आहे, ती कोणती, हे आपण शेवटी पाहू’ एवढी तीन वाक्ये आरंभी बोलावीत आणि थांबावे. यामुळे चित्रपटाची धार कमी होते, ही तक्रार मला पटत नाही, कारण भय वाटण्यासाठी माणसाला फसवावेच लागते असे नाही. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. अशा चित्रपटातील अर्ध्या मिनिटाचा तुकडा मोबाइलवर टिपून ‘जायकवाडीच्या पाण्यात सापडलेला किडा’ अशा मजकुरासह पुढे पाठवला गेला, तर तो फाउंड फुटेज पद्धतीचा असल्यामुळेच खरा वाटतो. व्हॉट्सअॅपवरील अफवांमुळे १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे पाच जणांचा जमावाने जीव घेतला, हे विसरण्याजोगे नाही. म्हणून मोबाइल बंद ठेवण्याची विनंती येथे केवळ शिष्टाचाराची न राहता सक्तीची व्हावी, आणि तिचे कारणही प्रेक्षकांना मोकळेपणाने सांगावे.

अंधारात काय पाहावे

दोन निरीक्षक पुरेत. एकाने डाव्या भिंतीकडे, दुसऱ्याने उजव्या भिंतीकडे, प्रेक्षकांच्या थोडे पुढे व कडेला बसावे, जेणेकरून चेहरे दिसतील पण कोणाला आपल्यावर नजर आहे असे वाटणार नाही. प्रेक्षकांचे चित्रण करू नये; वरील जाहिरातीची नक्कल करण्याचा मोह होतो, परंतु कॅमेरा आहे हे कळताच माणसे एकतर आखडतात किंवा नाटक करतात, आणि परवानगीचा प्रश्न वेगळाच. निरीक्षकाने वहीत फक्त चित्रपटाची वेळ आणि दिसलेली कृती लिहावी. ‘घाबरले’ असे न लिहिता ‘तिसऱ्या रांगेतील तिघांनी खुर्चीचे हात धरले’ असे लिहावे. ‘कंटाळले’ असे न लिहिता ‘मागील बाजूस कुजबुज, दोन जण उठून गेले, एक परत आला’ असे लिहावे. कारण काय असेल, हे ठरवण्याची ती वेळ नव्हे.

हसण्याच्या नोंदी सर्वांत काळजीपूर्वक घ्याव्यात. आपल्याकडे भयपटात हसणे होतेच, आणि नवखा निरीक्षक त्याची नोंद ‘चित्रपट फसला’ अशी करतो. प्रत्यक्षात दचक्यानंतर लगेच येणारे, शेजाऱ्याकडे पाहून होणारे हसणे हे ताण उतरल्याचे लक्षण असते. दृश्य चालू असताना पडद्याकडे पाहत होणारे हसणे म्हणजे विश्वास उडाल्याची खूण असू शकते. आणि तिसरे एक हसणे असते जे सरकारी माणूस पडद्यावर बोलू लागला की होते. ‘द बे’मध्ये डॉक्टर दूरच्या आरोग्य यंत्रणेला रुग्णांची अवस्था पुन्हा पुन्हा सांगतो आणि पलीकडून विचारपूस, प्रतीक्षा व सूचना यांपलीकडे फारसे काही हाती येत नाही, या प्रसंगांत हसू आले तर त्यात कडवटपणा किती होता, हे लगेच लिहून ठेवावे. हे तिसरे हसणे भयापेक्षा ओळखीतून येते, आणि माझ्या दृष्टीने अशा प्रदर्शनातून मिळणारी ती सर्वांत मोलाची नोंद आहे.

शांततेचेही तसेच आहे. जत्रेतील खेकडे खाण्याच्या स्पर्धेच्या प्रसंगी पुढे काय होणार हे प्रेक्षकाला कळलेले असते, आणि पडद्यावरची माणसे मात्र आनंदाने खात असतात. पंगतीत जेवणारा समाज हे दृश्य कसे पाहतो, याकडे लक्ष द्यावे. सप्ताहाच्या किंवा लग्नाच्या जेवणातून विषबाधा झाल्याच्या बातम्या आपण वाचत असतो, त्यामुळे या ठिकाणची शांतता किळस येणाऱ्या दृश्यातील शांततेहून वेगळी असण्याची शक्यता आहे. निरीक्षकाने वेळ टिपली, तर चर्चेत त्या प्रसंगावर बोट ठेवून विचारता येते.

कार्ड आणि प्रश्न

चित्रपट संपताच दिवे एकदम लावू नयेत. मंद लावावेत आणि कोणी बोलण्याआधी कार्डे वाटावीत. आधी चर्चा आणि मग कार्ड असा क्रम ठेवला, तर पहिल्या वक्त्याचे मत सगळ्या कार्डांवर उतरते. अमेरिकेत सिनेमास्कोअर ही संस्था १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून प्रेक्षक बाहेर पडत असतानाच त्यांच्याकडून श्रेणी भरून घेते, त्यामागे हाच विचार आहे. मात्र तिची श्रेणी-पद्धत येथे उचलू नये. भयपटांना त्या पद्धतीत बहुधा खालच्या श्रेणी मिळतात, कारण अस्वस्थ करून घरी पाठवणाऱ्या चित्रपटाला चांगले म्हणावे की वाईट, हे प्रेक्षकाला त्या क्षणी ठरवता येत नाही.

कार्डावर नाव नसावे. गाव, वय साधारण किती, आणि घरी पिण्याचे पाणी कोठून येते, एवढी माहिती वर असावी. नळ, बोअर, विहीर, टँकर, विकतचा जार, यांपैकी लागू असेल त्यावर खूण करायची. पाण्याचा प्रश्न वर, माहितीच्या रकान्यात ठेवण्याचे कारण असे की तो खाली प्रश्न म्हणून आला, तर आयोजकांना काय ऐकायचे आहे हे प्रेक्षकाला लगेच कळते, आणि आपली माणसे पाहुण्याला हवे ते उत्तर देण्यात फार उदार आहेत.

त्यानंतर तीनच प्रश्न, आणि त्यांचा क्रम बदलू नये. पहिला शरीराचा: चित्रपट पाहताना मळमळ, डोके जड होणे, डोळे मिटून घ्यावेसे वाटणे यांपैकी काही झाले का, आणि कोणत्या प्रसंगी? दुसरा विश्वासाचा: कोणत्या ठिकाणी ‘असे होऊ शकते’ असे वाटले आणि कोणत्या ठिकाणी ‘हे काही पटत नाही’ असे वाटले? तिसरा मोकळा: चित्रपटातील कोणत्या माणसाचे वागणे तुम्हाला सर्वांत जास्त ओळखीचे वाटले, आणि का? ‘भीती वाटली का?’ असा प्रश्न मुद्दाम ठेवलेला नाही. तरुण मुले त्याचे उत्तर ‘नाही’ असेच देतात आणि त्या ‘नाही’चा उपयोग शून्य असतो. तिसऱ्या प्रश्नात पाणी, प्रदूषण, सरकार यांतील एकही शब्द नाही, हेही मुद्दामच. महापौर, डॉक्टर, वार्ताहर मुलगी, पोलीस, बोटीतून बाळाला घेऊन येणारे जोडपे, यांपैकी प्रेक्षक कोणाला निवडतो, यावरून तो चित्रपट त्याच्यापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचला हे कळते.

समजा, एखाद्या कार्डावर विश्वासाच्या प्रश्नाखाली असे लिहून आले: ‘एवढे लोक मरायलेत तरी पाणी बंद कामून करीनात? हे काही पटलं नाही.’ आणि दुसऱ्या कार्डावर त्याच प्रसंगाविषयी असे: ‘पाणी बंद केलं तर लोक काय पितील. हे बरोबर दाखवलंय.’ ही दोन्ही कार्डे ‘पटले’ आणि ‘पटले नाही’ अशा दोन खणांत टाकून मोजली, तर हाती काहीच लागत नाही. वरचा पाण्याचा रकाना मात्र पाहिला आणि पहिल्या प्रेक्षकाकडे स्वतःची बोअर आहे व दुसऱ्याकडे टँकर येतो असे दिसले, तर विचार करण्याजोगे काहीतरी मिळाले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, पहिल्या खेपेत दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले, आणि त्याआधी पाण्याच्या ठिकाणी गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदी लागू करावी लागली होती. तो उन्हाळा काढलेल्या माणसासाठी पाण्याचा दर्जा हा पाणी मिळाल्यानंतरचा प्रश्न असतो. ‘द बे’मधील भय हे भरपूर पाणी असलेल्या प्रदेशाचे भय आहे. आपल्याकडील प्रेक्षक ते जसेच्या तसे घेईल अशी अपेक्षा ठेवणे चूक आहे, आणि त्याने घेतले नाही म्हणून तो बेफिकीर आहे असे समजणे त्याहून मोठी चूक आहे.

कार्डावरील भाषा सुधारू नये. ‘मरायलेत’चे ‘मरत आहेत’ केले की लिहिणारा कोणत्या भागातला आहे आणि किती सहज लिहीत होता, या दोन्ही खुणा पुसल्या जातात. ज्यांना लिहिणे जड जाते त्यांच्याजवळ बसून एखाद्या कार्यकर्त्याने त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे.

चर्चा

कार्डे गोळा झाल्यावर दहा मिनिटे चहा द्यावा आणि मग ज्यांना थांबायचे आहे त्यांच्याशी बोलावे. मिश्र बैठकीत स्त्रिया कमी बोलतात, हे सर्वच मंडळांना ठाऊक आहे, आणि या विषयात तर तो तोटा परवडणारा नाही, कारण घरात पाणी भरण्याचे, गाळण्याचे आणि ‘आज पाण्याला वास येतोय’ हे प्रथम ओळखण्याचे काम त्याच करतात. त्यांच्यासाठी वेगळा गट बसवावा आणि तो एखाद्या स्त्रीनेच चालवावा. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी तपासणीच्या संचाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. आपल्या परिसरातील अशा महिलांना आवर्जून बोलवावे. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक आला तर उत्तमच. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकल्यावर ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणीत पाणी पिवळे झाले की त्यात क्लोरीन शिल्लक आहे असे समजायचे, हे तो दोन वाक्यांत सांगतो, आणि पडद्यावरील शास्त्रज्ञांच्या गुंतागुंतीच्या बोलण्यानंतर सभागृहाला ते ऐकून हायसे वाटते.

एका गोष्टीची विशेष काळजी घ्यावी. प्रेक्षकांत पोल्ट्री चालवणारे कोणीतरी असणारच, कारण करारावर पक्षी वाढवणे हा मराठवाड्यात अनेक कुटुंबांचा जोडधंदा आहे, आणि चित्रपटाने दोष थेट कोंबड्यांच्या विष्ठेवर टाकलेला आहे. चर्चा सुरू होताच सगळे त्या एका माणसाकडे पाहू लागतात. चालकाने येथे लगेच फरक स्पष्ट करावा: आपल्याकडे कोंबडखत हे विकले जाते, शेतकरी ते पैसे देऊन नेतात आणि शेतात टाकतात, प्रश्न ते किती टाकले जाते, उघड्यावर साठवले जाते का, आणि पावसात वाहून विहिरीत उतरते का, हा आहे. मेरीलँडच्या कायद्याचाही रोख खताच्या प्रमाणावरच होता. एवढे सांगितले की तो पोल्ट्रीवाला बहुधा स्वतःहून बोलू लागतो, आणि दुर्गंधी, माश्या, कराराच्या अटी यांविषयी जे सांगतो ते कोणत्याही कार्डावर सापडणार नाही.

दुसऱ्या टोकाला असा प्रेक्षक असतो जो चित्रपटातील परजीवीवरच अडून बसतो आणि उद्यापासून मासे खायचे की नाही, असे विचारतो. येथे खऱ्या-खोट्याचा कागद बाहेर काढावा आणि सर्वांना वाटावा. कागद वाटल्यानंतर चर्चेचा सूर बदलतो. हा किडा माणसाच्या शरीरात शिरत नाही हे कळल्याने काही जण सुटल्यासारखे होतात, तर १९९७ सालची हकिगत वाचून काही जण आधीपेक्षा अधिक गंभीर होतात. हा बदल निरीक्षकाने वेगळ्या पानावर नोंदवावा, तो कार्डांत मिसळू नये. चित्रपटाने काय केले आणि कागदाने काय केले, हे पुढे वेगळे ओळखता आले पाहिजे.

आपल्या भागातील पाण्याविषयी बोलताना चालकाने चित्रपटाच्या भाषेत बोलणे टाळावे. नांदेड जिल्ह्यातील काही गावांत भूजलातील फ्लोराइडमुळे दातांवर डाग पडणे आणि हाडे वाकणे, असे विकार आढळतात. हा त्रास वर्षानुवर्षे हळूहळू होतो, त्यात कोणी रस्त्यात कोसळत नाही, आणि म्हणूनच त्यावर भयपट होत नाही. हा मुद्दा प्रेक्षकांपुढे ठेवून ‘मग अशी गोष्ट पडद्यावर कशी दाखवता येईल?’ असे विचारल्यास चर्चेला चांगले वळण लागते, विशेषतः चित्रपट शिकणारी मुले समोर असतील तर. हातातल्या मोबाइलवर स्वतःच्या गावाचे चित्रण करणारी ही मुले फाउंड फुटेजचे तंत्र आपल्याहून लवकर आत्मसात करतात.

नोंदी लिहिताना

अहवाल दुसऱ्या दिवशी लिहावा, त्याच रात्री नव्हे. प्रथम निरीक्षकांच्या दोन्ही वह्या वेळेनुसार समोरासमोर ठेवाव्यात, मग कार्डांतील प्रसंग त्यांच्याशी ताडून पाहावेत. वहीत शांतता आणि कार्डांत किळस, असे जेथे जुळते तेथे फारसे लिहिण्यासारखे नसते. वहीत हसू आणि कार्डांत ‘ओळखीचे वाटले’, असे जेथे दिसते तेथे थांबावे आणि सविस्तर लिहावे. टक्केवारी काढू नये. शंभर-सव्वाशे खुर्च्यांच्या सभागृहातील, स्वतःहून आलेल्या प्रेक्षकांच्या टक्केवारीला काही वजन नसते आणि ती छापली की वर्तमानपत्रे तेवढीच उचलतात.

जमल्यास पंधरवड्याने थोड्या प्रेक्षकांना पुन्हा भेटून एकच प्रश्न विचारावा: चित्रपटातील कोणती गोष्ट अजून आठवते? लगेच आलेल्या प्रतिक्रियेत किळसवाणी दृश्ये पुढे असतात, पण काही दिवसांनी ती मागे पडून दुसरेच काही वर येण्याची शक्यता असते. दोन्ही उत्तरे शेजारी ठेवून वाचावीत.

काही कार्डांवर चित्रपट बाजूलाच राहतो आणि गावातील पाण्याची सरळ तक्रार लिहून येते. अशी कार्डे अहवालात ‘विषयांतर’ म्हणून टाकून देऊ नयेत, आणि लिहिणाऱ्याला न विचारता ग्रामपंचायतीकडेही पाठवू नयेत. कार्डावर नाव नसले तरी गाव असते, आणि लहान गावात अक्षरही ओळखले जाते. त्याऐवजी अशा गावांच्या प्रेक्षकांना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेची माहिती द्यावी. जंतूंच्या तपासणीसाठी नमुना घरच्या बाटलीत नेऊ नये. प्रयोगशाळेकडून निर्जंतुक बाटली आणावी, नमुना थंड जागी ठेवावा आणि तो शक्य तितक्या लवकर, चोवीस तासांच्या आत पोहोचवावा. फ्लोराइड किंवा नायट्रेटची शंका असेल तर तसे नमुना देताना स्पष्ट सांगावे, कारण त्या तपासण्या वेगळ्या आहेत.